पाण्याचं पांघरूण

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घरात जुना, पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर एकदा कपाटातून काढून बघा. बहुतेकांवर आकडे ९४ पासून सुरू होतात आणि १०८ ला संपतात. लहानपणी मला वाटायचं, माणसाचं अंग ९४ च्या खाली जातच नसणार, नाहीतर आकडे छापले असते की! पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं, की जातं. आणि त्याहून नवल म्हणजे, कधी कधी डॉक्टर ते मुद्दाम खाली नेतात.

आज मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे, ते हे काम करतं. हॉस्पिटलात त्याला कूलिंग ब्लँकेट म्हणतात, कुणी हायपोथर्मिया मशीन म्हणतं. मी मनातल्या मनात त्याला पाण्याचं पांघरूण म्हणत आले. रुग्णाच्या अंगाखाली आणि कधी अंगावरही एक प्लास्टिकची चादर, तिच्यातून खेळणारं पाणी आणि ते पाणी गार किंवा कोमट करणारी, चाकांवरची एक पेटी. दिसायला अगदी साधं प्रकरण. पण त्याच्या मागे दोनशे वर्षांची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत अंग गार कसं करायचं हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. अवघड प्रश्न होता तो कुठे थांबायचं हा.

हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो १९७९ च्या उन्हाळ्यात. मी विद्यार्थिनी होते, मुलांच्या वॉर्डात माझी ड्यूटी होती. सहा-सात वर्षांचा एक मुलगा तापाने फणफणला होता. पारा १०४ वर. मला सांगितलं गेलं, स्पंजिंग कर. उत्साहाच्या भरात मी बर्फ आणला, पाण्यात टाकला आणि त्या बर्फाच्या पाण्याने पोराचं अंग पुसायला लागले. पोर कुडकुडायला लागलं. दातावर दात आपटत होते, अंगावर काटा आला होता, नखं निळसर दिसत होती. मला वाटलं, वा! अंग गार होतंय. अर्ध्या तासाने थर्मामीटर लावला, तर ताप अर्ध्या डिग्रीने वाढलेला.

आमच्या वॉर्डच्या सिस्टर फार कमी बोलायच्या. त्या आल्या, बादलीत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "बर्फ काढ. साधं नळाचं पाणी घे. अगं, त्याचं अंग तुझ्याशी भांडतंय."

त्या एका वाक्यात सगळं शरीरशास्त्र होतं. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. अंगाचं तापमान किती ठेवायचं, याचा आकडा तो ठरवतो. एरवी तो आकडा ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे आपल्या ९८.६ च्या आसपास असतो. ताप येतो तेव्हा अंग बिघडून तापत नाही. मेंदूच तो आकडा वर सरकवतो आणि अंगाला हुकूम देतो, की एवढं तापा. मग आपल्याला थंडी वाजते, हुडहुडी भरते, आपण गोधडी मागतो. पॅरासिटामॉलसारखं औषध हा वर गेलेला आकडा खाली आणतं. पण नुसतं बाहेरून गार पाणी ओतलं, तर मेंदूला वाटतं की आपला हुकूम कुणी मोडतंय. कातडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उष्णता आत कोंडते. स्नायू थरथरायला लागतात आणि त्या थरथरण्यातून आणखी उष्णता तयार होते. मी त्या पोराचं अंग गार करत नव्हते, त्याला भट्टी पेटवायला लावत होते.

पुढे वाचनाची गोडी लागली तेव्हा मला कळलं, की आमच्या सिस्टरांचा हा नियम एका डॉक्टरने १८२ वर्षांपूर्वी छापून ठेवला होता. त्यांचं नाव जेम्स करी. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराच्या गावी ते डॉक्टरकी करत. तापाच्या रोग्यांवर ते गार पाणी, तेही कधी समुद्राचं, ओतत. पाणी ओतणारे वैद्य तेव्हा इतरही होते. करी यांचं वेगळेपण असं, की ते ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर थर्मामीटर लावत. १७९७ साली त्यांनी आपल्या अनुभवांचं पुस्तक काढलं. त्यात ताकीद होती: ताप चढून कातडी कोरडी, कढत झाली असेल तेव्हा पाणी घाला, रोग्याला थंडी वाजत असेल, तर थर्मामीटर कितीही वर असो, घालू नका, दरदरून घाम सुटला असेल तरी घालू नका. उपचारापेक्षा उपचार कधी करू नये हे सांगणारं ते पुस्तक मला फार जवळचं वाटतं.

पण थर्मामीटर लावणारे करी त्या काळी अपवादच होते. रोज, प्रत्येक रुग्णाचं तापमान मोजावं, ही सवय वैद्यकाला लागली ती जर्मनीत, लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांच्यामुळे. सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ३७ हा आकडा जगाच्या तोंडी बसला. त्यांचा थर्मामीटर वीतभराहून मोठा होता आणि तो काखेत बराच वेळ धरून ठेवावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत आकडा सांगणारा थर्मामीटर तयार करून घेतला. तिथून तो नर्सच्या खिशात आला आणि पलंगाच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लटकला.

आकडा हाती आल्यावर तो खाली आणण्याचीही घाई सुरू झाली. १८६१ साली श्टेटीन इथल्या अर्न्स्ट ब्रँड यांनी विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या रोग्यांसाठी गार पाण्याच्या टबाचा उपाय सांगितला. ठरावीक आकड्यावर ताप गेला, की दर तीन तासांनी रोग्याला उचलून टबात बसवायचं आणि त्याचे हातपाय सतत चोळत राहायचं. विल्यम ऑस्लरसारख्या मोठ्या डॉक्टरने अमेरिकेत ही पद्धत वापरली. टायफॉइडवर औषध नव्हतं, तेव्हा हाच आधार होता. मी मात्र हे वाचताना वेगळाच हिशेब करत होते. दर तीन तासांनी, म्हणजे दिवसरात्र मिळून आठ वेळा, ग्लानीतल्या माणसाला उचलून टबात घालायचं, पुसायचं, परत निजवायचं. असे वॉर्डात दहा रोगी! इतिहासात नाव ब्रँडसाहेबांचं राहिलं. कंबर नर्सेसची मोडली.

रोग्याला पाण्याकडे नेण्यापेक्षा पाणीच रोग्याकडे आणावं, ही कल्पना अशा कष्टांतूनच सुचत गेली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नातले उपकरणकार योझेफ लाइटर यांनी मऊ धातूच्या नळीची वेटोळी बनवली. ती डोक्यावर, पोटावर बसवायची. एक भांडं उंचावर, दुसरं खाली. वरचं पाणी नळीतून फिरून खालच्या भांड्यात. अंग ओलं होत नाही, पण गारवा पोहोचतो. पाण्याच्या पांघरुणाचं मूळ शोधायचं तर मी इथे बोट ठेवीन.

आतापर्यंत सगळी धडपड ताप उतरवून ३७ पर्यंत आणण्याची होती. ३७ च्या खाली जायचं धाडस केलं ते फिलाडेल्फियाचे मेंदूशल्यविशारद टेंपल फे यांनी. त्यांचा तर्क असा, की शरीराच्या गार भागांत कर्करोग क्वचित पसरतो. तेव्हा गारव्याने त्याची वाढ रोखता येईल. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाला पहिल्यांदा असं थंड केलं. सुरुवातीला चक्क बर्फाचा चुरा वापरला. वितळलेलं पाणी, ओले बिछाने, गारठलेली खोली आणि काकडणारे कर्मचारी यांची कल्पना आपण करू शकतो. नेहमीचा थर्मामीटर ९४ लाच संपत असल्यामुळे मोजायचं कशाने, हाही प्रश्न होता. मग त्यांनी रबरी नळ्यांची पांघरुणं करवून घेतली, ज्यांतून गार द्रव फिरवता येई. कर्करोग त्याने बरा झाला नाही. काहींच्या वेदना मात्र कमी झाल्या. आणि एक गोष्ट सिद्ध झाली: माणूस ९४ च्या पुष्कळ खाली जाऊन परत येऊ शकतो.

यानंतरचं पान काळं आहे, पण ते उलटून पुढे जाणं बरोबर नाही. १९४२-४३ मध्ये जर्मनीतल्या डाखाउ छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाळ पाण्यात बुडवून प्रयोग केले. अनेक माणसं त्यात मारली गेली. गार माणूस कुठवर जगतो, हा त्यांचाही प्रश्न होता. फक्त समोरच्याला त्यांनी माणूस मानलं नव्हतं. न्यूरेंबर्ग इथे डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ च्या निकालात माणसांवरच्या प्रयोगांसाठी नियम लिहिले गेले. त्यातला पहिलाच नियम संमतीचा आहे. प्रत्येक ऑपरेशनआधी आपण ज्या कागदावर सही करतो, त्याच्या मागे ही माणसं उभी आहेत.

युद्धानंतर या विषयाला पुन्हा चांगली वाट दाखवली ती कॅनडातल्या टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी. हृदय उघडून आतलं छिद्र शिवायचं तर रक्ताचा प्रवाह थांबवावा लागतो, आणि तसं केलं तर मेंदू काही मिनिटांतच दगावतो. बिगेलो म्हणाले, की शरीर थंड केलं तर त्याची प्राणवायूची भूक कमी होईल आणि सर्जनला थोडा वेळ मिळेल. यावर जुने प्रयोग उलट सांगत होते: गार केलेल्या प्राण्याला प्राणवायू जास्त लागतो! बिगेलो यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, १९५० च्या सुमारास, या कोड्याचं उत्तर मिळालं. जास्त प्राणवायू लागत होता तो कुडकुडण्यामुळे. भूल देऊन कुडकुडणं थांबवलं, की तापमानाबरोबर भूकही उतरत जाते. हे वाचलं तेव्हा मला माझी बर्फाची बादली आठवली.

२ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. तिला भूल देऊन, गार द्रव खेळवणाऱ्या पांघरुणांत गुंडाळून, दोन तासांहून अधिक वेळ घेत २८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवलं. मग हृदयाकडे येणारं रक्त अडवलं, हृदय उघडलं, भोक शिवलं आणि साडेपाच मिनिटांत प्रवाह परत सुरू केला. शेवटी मुलीला गरम पाण्याच्या टबात ठेवून उब दिली. ती बरी झाली. उघड्या हृदयात, डोळ्यांनी बघत केलेली ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. पुढच्याच वर्षी, मे १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन यशस्वीपणे वापरलं आणि सर्जनना मिनिटं मोजायची गरज उरली नाही. हृदयाच्या खोलीतून पाण्याचं पांघरूण हळूहळू बाहेर पडलं आणि अतिदक्षता विभागात, आमच्याकडे, येऊन राहिलं.

आता ते चालतं कसं, ते सांगते. पेटीच्या आत एक फ्रीज आणि एक गीझर शेजारी शेजारी राहतात असं समजा. टाकीत शुद्ध पाणी असतं. कॉम्प्रेसर ते गार करतो, हीटर तापवतो, पंप ते जाड नळीतून पांघरुणात ढकलतो आणि दुसऱ्या नळीतून परत घेतो. पांघरूण म्हणजे प्लास्टिकचे दोन थर. रजाईला जसे टाके असतात तसे ते ठिकठिकाणी एकमेकांना चिकटवलेले. त्या टाक्यांमुळे पाणी एका जागी न साचता सगळीकडे वळसे घेत फिरतं. हवेऐवजी पाणी का? तर साचलेल्या हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीसपट जोमाने उष्णता वाहून नेतं. आपल्याला २५ अंशाची हवा सुखाची वाटते आणि २५ अंशाच्या पाण्यात काही वेळाने थंडी वाजते, ते यामुळेच.

रुग्णाच्या अन्ननलिकेत, गुदद्वारात किंवा मूत्राशयात एक बारीक तार ठेवलेली असते. तिच्या टोकाशी तापमान ओळखणारा मणी. आम्ही त्याला प्रोब म्हणतो. यंत्राला आपण आकडा सांगतो, समजा ३७. प्रोब कळवतो ३९. यंत्र पाणी गार करतं. प्रोब ३८ म्हणाला, की यंत्र हात आखडतं आणि ३७ जवळ येऊ लागलं, की पाणी कोमटाकडे नेतं. पाणी साधारण ४ अंशांच्या खाली आणि ४२ च्या वर जाऊ देत नाहीत. नाहीतर कातडी गारठून किंवा भाजून निघायची. जुन्या यंत्रांत हा शहाणपणा कमी होता. तिथे आम्हीच इच्छित आकड्याच्या एक-दोन अंश आधी पाणी बंद करायचो. कारण पाणी थांबलं तरी आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. गारठलेल्या कातडीतलं, हातापायांतलं रक्त मधल्या अंगात परततं ना! विस्तवावरून उतरवलेलं दूध काही क्षण वर येतच राहतं, त्याची ही उलटी बाजू.

पाणी आलं, की पाण्याचे आजारही आले. टाकी स्वच्छ ठेवावीच लागते. हृदयशस्त्रक्रियेत पाणी गार-गरम करणाऱ्या यंत्रांच्या टाक्यांतून एक जंतू हवेत उडून उघड्या छातीपर्यंत पोहोचतो, हे २०१५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत उघड झालं. पाणी रुग्णाला शिवलंही नव्हतं, तरी!

आणि आता एक गोष्ट सांगते, जी मी नोकरीत असताना कुणाला सांगितली नाही. नव्वदच्या दशकातली रात्रपाळी. अपघातात डोक्याला मार लागलेला एक तरुण आमच्या विभागात होता. मेंदूचा ताप, औषधांना दाद न देणारा. यंत्र लावलं होतं, आकडा ३७ चा. दोनच्या सुमारास मी आणि मावशींनी त्याला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, चादर सारखी केली आणि मी दुसऱ्या रुग्णाकडे गेले. परत आले तेव्हा पडद्यावर ३३.८ होतं आणि आकडा उतरत होता. पहिल्यांदा बरंच वाटलं. दमलेलं मन आधी बरं तेच बघतं. मग सवयीने कपाळाला हात लावला तर चटका बसला.

कुशीवर वळवताना प्रोब निसटला होता. चादरीवर पडून तो चादरीचं तापमान सांगत होता. यंत्राला वाटलं, रोगी गारठतोय. म्हणून ते इमानेइतबारे पाणी तापवत होतं. तापाने पोळणाऱ्या माणसाच्या अंगाखाली कढत म्हणावं असं पाणी फिरत होतं, किती वेळ, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. अर्धा-पाऊण तास असेल. मी पाणी बंद केलं, प्रोब नीट बसवला, डॉक्टरांना उठवलं. खरं तापमान ४० च्या वर होतं. पहाटेपर्यंत ते उतरलं.

तो तरुण वाचला. महिन्याभराने काठी टेकत घरी गेला. त्याच्या बायकोने जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, "सिस्टर, तुमचं ते मशीन फार चांगलं आहे हो." मी मान डोलावली. डॉक्टरांना मी प्रोब निघाला एवढं सांगितलं होतं, तो माझ्या हातून निघाला हे नाही. त्याची चाल थोडी अधिक सुधारली असती का, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला. उत्तर नाही. मात्र पुढे माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी रुग्ण वळवल्यावर आधी प्रोब बघायला लावलं, आणि पडद्यावरचा आकडा वहीत लिहिण्याआधी कपाळाला हात.

यंत्र आकडा सांभाळतं. पण आकडा कोणता? हे त्याला माणसाने सांगायचं, आणि माणसांचं याबाबतचं मत किती वेळा बदललं पाहा. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाचा मेंदू वाचवायला त्याला थंड करावं, असं १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही डॉक्टरांनी सुचवलं. ते ३० अंशांच्या आसपास उतरत. मग हृदयाचे ठोके बिघडणं, रक्त न गोठणं, जंतुसंसर्ग असे त्रास दिसले आणि कल्पना मागे पडली. २००२ साली युरोप आणि ऑस्ट्रेलियातले दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ३२ ते ३४ एवढंच उतरवलं तर फायदा होतो, असं त्यांत दिसलं. युरोपातल्या अभ्यासात चांगल्या अवस्थेत परतलेले रुग्ण शंभरात ५५, आणि थंड न केलेल्यांत ३९. जगभर अतिदक्षता विभागांनी ३३ हा आकडा उचलला. २०१३ मध्ये ९३९ रुग्णांच्या अभ्यासाने सांगितलं, ३३ काय आणि ३६ काय, फरक नाही. २०२१ मध्ये सुमारे १,९०० रुग्णांचा त्याहून मोठा अभ्यास आला. ३३ ला उतरवलेल्यांत सहा महिन्यांत दगावलेले शंभरात ५०. नुसता ताप येऊ न दिलेल्यांत ४८. म्हणजे फरक नाहीच. फिरून फिरून यंत्राचं काम पुन्हा ताप चढू न देण्याचं ठरलं. करीसाहेब हसले असते.

नवजात बाळांची गोष्ट मला याहून जास्त अस्वस्थ करते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू पुढच्या काही तासांत, दिवसांत आणखी बिघडत जातो. २००५ साली अमेरिकेतला २०८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळांना अशाच पाण्याच्या पांघरुणावर ठेवून ३३.५ अंशांवर ७२ तास सांभाळलं होतं. तापमान वरखाली हेलकावे खाऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली: त्याच यंत्राला दुसरं, मोठं पांघरूण जोडून ते नुसतं बाजूला टांगून ठेवलं. पाणी जास्त, म्हणून हेलकावे कमी. मृत्यू किंवा मोठं अपंगत्व शंभरात ६२ वरून ४४ वर आलं. मोठीच गोष्ट होती ती.

आपल्याकडेही हा उपचार आला. महागड्या यंत्रांना पर्याय म्हणून ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या गाद्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी वापरून पाहिल्या. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी अशी गार ठेवलेली बाळं पाहिली. आपल्याकडे बाळ जन्मलं की आधी दुपट्यात गुंडाळतात, टोपडं घालतात, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. तिथे उघड्या, गार बाळाकडे बघून एक आई मला म्हणाली होती, "ताई, एक झबलं तरी घालू द्या." मी तिला समजावलं, की गारवाच त्याचं औषध आहे. तेव्हा माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

२०२१ मध्ये, मी निवृत्त झाल्यावर, भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईचं लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयही होतं. यंत्रं चांगली होती, आकडा तोच, ३३.५, वेळही तोच, ७२ तास. पण इथे थंड केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही. उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यू शंभरात ४२, न केलेल्यांत ३१. का, यावर जाणकारांत चर्चा आहे. आपल्या बाळांच्या मेंदूला इजा कदाचित जन्माच्या बरीच आधी झालेली असते, असं एक मत आहे. मला एवढंच कळतं, की पाश्चात्त्य देशातला आकडा यंत्राबरोबर पेटीत बांधून आणता येत नाही. तो आपल्या बाळांना विचारूनच ठरवावा लागतो. हा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी तो विचारला, आणि नको असलेलं उत्तर जसंच्या तसं छापलं. त्या आईला मी आज काय सांगितलं असतं, याचा विचार मनात येतो.

जाता जाता घरच्या उपयोगाचं. साध्या तापात बर्फ नको, अल्कोहोल नको. पाणी पाजा, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध द्या, घड्या ठेवायच्या तर साध्या पाण्याच्या, आणि मूल कुडकुडायला लागलं की थांबा. उष्माघाताची गोष्ट मात्र वेगळी. भर उन्हातून आलेला माणूस बरळत असेल, बेशुद्ध होत असेल, अंग चटके देत असेल, तर तिथे मेंदूने आकडा वर नेलेला नाही. अंगाचा ताबाच सुटलेला आहे. तिथे पॅरासिटामॉल कामाचं नाही आणि गार पाण्याला घाबरायचंही नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हॉस्पिटलातही ३९ अंशांच्या खाली आला, की गार करणं थांबवतात. पुढचं अंगच सांभाळतं.

माझी भाची आता एका अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. तिच्याकडचं यंत्र माझ्या वेळच्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे; प्रोब निघाला तर ओरडतं म्हणे. मी तिला विचारलं, "मग आता कपाळाला हात लावता की नाही?" ती म्हणाली, "लावते ना मावशी. तूच सवय लावलीस." मला त्या रात्री बरी झोप लागली.